आधी हवा, मग खोल्या

आमच्या ऑफिसकडे एका विद्यापीठाच्या संशोधन इमारतीचं काम आलं आणि मला सेक्शन काढायला बसवलं. तोवर मी घरं काढली होती, एक शाळा काढली होती. इथे दोन स्लॅबमध्ये ४.५ मीटर अंतर ठेवायला सांगितलं. उभा राहणारा माणूस तेवढाच, मग एवढी उंची कशाला, हे मला कळेना.

एअर कंडिशनिंगच्या कन्सल्टंट मॅडमनी समजावलं. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतली हवा परत आत फिरवत नाहीत. ती सगळी बाहेर टाकायची आणि तेवढीच ताजी हवा थंड करून आत घ्यायची, तीही तासाला ६ ते १० वेळा. फ्यूम हूडच्या, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाच्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला साधारण ०.५ मीटर हवा. तो घसरला तर आतली वाफ काम करणाऱ्या मुलीच्या नाकाशी येते. खोलीतला दाब कॉरिडॉरपेक्षा किंचित कमी, म्हणजे दार उघडलं तरी हवा आतच ओढली जाते. त्यासाठी लागणारे डक्ट छताखालून आणि शाफ्टमधून थेट गच्चीपर्यंत. ती उंची त्यांची होती.

भौतिकशास्त्राच्या सरांनी खोल्यांची मापं विचारलीच नाहीत. त्यांनी विचारलं, लिफ्ट कुठे येणार? इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला लिफ्टच्या हलत्या लोखंडाचं चुंबकीय क्षेत्र सोसत नाही. अतिसंवेदनशील यंत्रांना तर जमिनीचं कंपन सेकंदाला सुमारे ३ मायक्रोमीटरच्या आत लागतं. वरच्या मजल्याच्या स्लॅबवर नुसत्या चालण्याने ते ओलांडलं जातं. म्हणून ती खोली तळमजल्यावर, लिफ्ट, पंप आणि रस्ता यांपासून लांब.

मग वास्तुकार लुई कान यांचं काम पुन्हा उघडलं. फिलाडेल्फियाच्या रिचर्ड्स प्रयोगशाळांमध्ये त्यांनी शाफ्टचे मनोरे बाहेर उभे केले, पण आत ऊन इतकं आलं की शास्त्रज्ञांनी काचांना फॉइल चिकटवली. पुढे १९६५ च्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये प्रत्येक प्रयोगशाळेच्या डोक्यावर एक अख्खा मजला पाइप-डक्टसाठी दिला. कॉलेजात आम्ही सॉल्कचा चौक शिकलो, हा मजला नाही. मला ती मोठी उणीव वाटते.

वास्तुकलेच्या शिक्षकांना विनंती आहे: विद्यार्थ्यांना प्रयोगशाळा दाखवायला न्याल तेव्हा गच्चीवर आणि शाफ्टपाशीही न्या, आणि तिथल्या टेक्निशियनला बोलू द्या.