दोन राउटर, एक कारभारी

१८९८ साली बेंगळुरूत प्लेग शिरला आणि जुन्या पेठेतल्या दाटीवाटीच्या घरांची लोकांना धास्ती वाटू लागली. त्या साथीनंतर शहराच्या उत्तरेला मल्लेश्वरम् आणि दक्षिणेला बसवनगुडी या नव्या वसाहती आकाराला आल्या. सरळ रस्ते, दुतर्फा झाडं, घराभोवती अंगण आणि घरात भरपूर हवा-उजेड असा बेत होता. त्या काळातली जी मोजकी घरं बसवनगुडीतल्या गांधी बाजाराच्या आसपास अजून तग धरून आहेत, त्यांच्या भिंती जाड, छतं उंच, वर मंगळुरी कौलं आणि खिडक्यांवर लाकडी पट्ट्यांचे पुढे झुकलेले छज्जे. बेंगळुरूकर त्यांना ‘मंकी टॉप’ म्हणतात. एप्रिलच्या दुपारीही अशा घराच्या मधल्या खोलीत गारवा असतो.

त्या गारव्याची किंमत आता वायफाय मोजतं.

फायबरची तार रस्त्यावरच्या खांबावरून येते आणि फायबरवाल्याला जिथे सोयीचं पडतं तिथे, म्हणजे बहुधा पुढच्या खोलीत चपलांच्या कपाटावर, राउटर बसतो. तिथे चित्रपट झरझर चालतो. मधल्या खोलीत रेंज निम्मी होते आणि मागच्या अंगणालगतच्या खोलीत, जिथे सून लॅपटॉप उघडून ऑफिसच्या मीटिंगला बसलेली असते, तिथे समोरच्याचा चेहरा गोठतो. कारण साधं आहे. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब असते, ५ गिगाहर्ट्झची जेमतेम सहा. वेग आखूड लहरीकडे जास्त, पण जाड विटांपुढे तीच आधी दमते. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवान्यातून मोकळा झाला, ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८च्या ऑक्टोबरात. सरकारी अडसर गेला, भिंती मात्र उभ्याच राहिल्या. लाकूड आणि काच लहरींना फारसं अडवत नाहीत, म्हणून दारं उघडी ठेवली की मागच्या खोलीतली मीटिंग थोडी सुधारते. प्लेगच्या भीतीने ठेवलेल्या वाटांनीच वायफायही घरात फिरतं.

मग माळ्यावरचा जुना राउटर खाली येतो. दोघांमध्ये एक तार जोडली, की झालं, असा घरातल्यांचा समज. इथूनच गंमत सुरू होते.

राउटर फक्त रेंज देत नाही. घरात येणाऱ्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, प्रिंटरला तो पत्ता वाटतो आणि बाहेर जायचं दार कोणतं तेही सांगतो. बहुतेक घरगुती राउटर स्वतः १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ या पत्त्यावर राहतात. १९९६च्या फेब्रुवारीत इंटरनेटच्या तंत्रज्ञांनी खासगी जाळ्यांसाठी पत्त्यांचे तीन पट्टे राखून ठेवले, त्यांतला १९२.१६८ने सुरू होणारा हा पट्टा. त्यात ६५,५३६ पत्ते मावतात. हे पत्ते घराबाहेर चालत नाहीत. म्हणून बसवनगुडीतला आणि सोलापुरातला राउटर एकाच पत्त्यावर सुखाने नांदतात आणि कुणाचं काही अडत नाही. अडतं ते एकाच घरात दोघे त्या पत्त्यावर येऊन बसले की.

एकत्र कुटुंबात दोन कारभारी झाले की जे होतं, तेच मग होतं. फोन ‘पत्ता द्या’ म्हणून हाक मारतो आणि जो आधी ओ देईल त्याचं ऐकतो. माळ्यावरून आलेला जुना राउटर आधी बोलला तर तो बाहेरचं दार म्हणून स्वतःचंच नाव सांगतो, आणि त्याच्यापाशी तर बाहेरची तारच नाही. फोनवर वायफायचं चिन्ह भरलेलं, इंटरनेट मात्र शून्य. शेजारच्या खुर्चीतला फोन पहिल्याचं ऐकून व्यवस्थित चाललेला. घरात मग एकमेकांच्या फोनला दोष देणं सुरू होतं.

उपाय पाच मिनिटांचा आहे. दुसऱ्या राउटरला आधी एकट्यालाच लॅपटॉपशी जोडायचं, पहिला १९२.१६८.१.१ वर असेल तर त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करायचा, पत्ते वाटण्याचं, म्हणजे डीएचसीपीचं काम बंद करायचं, आणि मग पहिल्याच्या लॅन, म्हणजे घरातल्या तारांच्या भोकातून आलेली तार याच्याही लॅन भोकातच घालायची, वॅनच्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्या तारेच्या नाही. नव्या राउटरांत ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ म्हणून एक पर्याय असतो. तो निवडला की पत्त्याचं आणि डीएचसीपीचं राउटर स्वतःच बघतो.

डीएचसीपी चालू ठेवून तार वॅनमध्ये घातली तरी नेट बहुधा चालतं, पण घरात घर तयार होतं. आतल्या राउटरवरच्या फोनला बाहेरच्यावरचा प्रिंटर आपसूक सापडत नाही, परगावाहून घरचा कॅमेरा बघणं अवघड होतं. कधी हीच अडचण सोयीची ठरते. वरच्या मजल्यावर भाडेकरू असेल तर त्याला पहिल्या राउटरवर ठेवावं आणि घरच्यांनी दुसऱ्याच्या आड राहावं. उलट केलं तर भाडेकरूची उपकरणं सुरक्षित राहतात आणि घरमालकाचीच उघडी पडतात.

आणखी एक खोड सांभाळायची. एक तार पुरेशी असताना ‘वेग वाढेल’ म्हणून दोन्ही राउटरांच्या लॅन भोकांमध्ये दुसरी तार घातली, की काही संदेश त्या रिंगणात फिरतच राहतात आणि अख्खं जाळं बसतं. मोठ्या जाळ्यांतलं हे रिंगण तोडण्याची रीत राडिया पर्लमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञ बाईंनी १९८५मध्ये शोधली, आणि त्या रीतीवर एक कविताही लिहिली. स्वस्तातल्या घरगुती राउटरांत ही सोय असेलच असं नाही. तिथे शहाणपण माणसानेच दाखवायचं.

राहिलं वायफायचं नाव. दोन्ही राउटरांना एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला, तर चालत चालत मागच्या खोलीत गेलेला फोन स्वतःहून दुसऱ्याला धरतो. केव्हा धरायचं हे फोनच ठरवतो, म्हणून काही हट्टी फोन पहिल्याला शेवटच्या दांडीपर्यंत सोडत नाहीत. चॅनल मात्र वेगळे हवेत. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हेच तीन एकमेकांच्या पायात येत नाहीत, आणि जिथे जुना बंगला पाडून चार मजली इमारत झाली आहे तिथे शेजाऱ्यांनी ते आधीच व्यापलेले असतात.

बिनतारी रिपीटर हा सोपा मार्ग वाटतो, पण एकाच लहरीवर तो तेच बोलणं ऐकतो आणि पुन्हा उच्चारतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. तेव्हा बेंगळुरूच्या एस. पी. रोडच्या बाजारात राउटरच्या खरेदीला जाणाऱ्याने महागड्या अँटेनांच्या खोक्याकडे नंतर पाहावं. आधी पंचवीस मीटर कॅट-५ई तार घ्यावी, ती शंभर मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट नेते. आणि माळ्यावरच्या राउटरला कंपनीकडून सॉफ्टवेअरचे अपडेट अजून येतात का, हे पाहून मगच त्याला पुन्हा कामाला लावावं. येत नसतील, तर तो भंगारात दिलेलाच बरा.