हातोडा त्याच्या हाती, विळा तिच्या

पॅरिस, १९३७. जागतिक प्रदर्शनात नाझी जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांची दालने समोरासमोर उभी होती. जर्मन दालनाच्या माथ्यावर गरुड होता. सोव्हिएत दालनाच्या माथ्यावर सुमारे २४ मीटर उंचीचे पोलादी स्त्री-पुरुष पुढे झेपावत होते. पुरुषाच्या हाती हातोडा, स्त्रीच्या हाती विळा. ‘कामगार आणि सामूहिक शेतावरील स्त्री’ या शिल्पाच्या निर्मात्या होत्या व्हेरा मुखिना.

१८८९ साली रीगा येथे जन्मलेल्या मुखिना पॅरिसमध्येच बूर्देल यांच्याकडे शिल्पकला शिकल्या होत्या. पहिल्या महायुद्धात त्यांनी परिचारिका म्हणून जखमींची शुश्रूषा केली. या शिल्पाची मूळ कल्पना दालनाचे वास्तुकार बोरिस इओफान यांची. ती साकारण्यासाठी १९३६ मध्ये घेतलेल्या स्पर्धेत मुखिनांचा आराखडा निवडला गेला.

हे शिल्प ब्राँझमध्ये ओतलेले नाही. स्टेनलेस स्टीलचे पातळ पत्रे लाकडी साच्यांवर ठोकून घडवले गेले, वेल्डिंगने सांधले गेले आणि पोलादी सांगाड्यावर चढवले गेले. कारखान्यात, सुतार, वेल्डर आणि अभियंत्यांच्या सोबतीने चाललेल्या या कामात शिल्पकार म्हणून शब्द चालत होता तो एका स्त्रीचा.

शिल्पात दोघांचे पाऊल एकाच वेळी पुढे पडते, दोघांचे हात एकत्र उंचावतात. मात्र अवजारांची वाटणी पाहावी: उद्योग पुरुषाकडे, शेती स्त्रीकडे. प्रत्यक्षात त्या दशकात लक्षावधी सोव्हिएत स्त्रिया कारखान्यांत राबत होत्या. त्याच १९३६ च्या जून महिन्यात स्टालिनच्या राजवटीने १९२० पासून कायदेशीर असलेल्या गर्भपातावर बंदी घातली आणि घटस्फोटही अवघड केला. चौथऱ्यावरची स्त्री बरोबरीने पुढे निघाली होती. कायदा मात्र खऱ्या स्त्रीला मागे सारत होता.

म्हणून हे शिल्प दोनदा वाचावे लागते. त्याचा विषय सांगतो की राज्यसत्तेला कोणती स्त्री मिरवायची होती. त्याच्या घडणीचा इतिहास सांगतो की स्त्री प्रत्यक्षात काय करू शकत होती.

प्रदर्शन संपल्यावर शिल्प मॉस्कोत आणून बरेच बुटके केलेल्या चौथऱ्यावर उभारण्यात आले. मुखिनांनी त्याला विरोध केला. तो मानला गेला नाही. १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले. पॅरिसमधल्यासारखा उंच आधार शिल्पाला पुन्हा मिळाला, तो २००९ मध्ये.