नोटिशीतले दिवस

बदलापूर गाव,
३ फेब्रुवारी २०२६

चि. छकुलीस,


रविवारी दादासमोर बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. "उद्यापासून जाऊच नकोस, पगार गेला खड्ड्यात," असं तो म्हणाला ते मायेपोटी. पण तसं अजिबात करू नकोस. तुझ्या कंपनीला नेमकं तेच हवं आहे.

राजीनामा दिलास त्या संध्याकाळीच तुला लॅबच्या ग्रुपमधून काढलं. सहा वर्षं जे मशीन तू सांभाळलंस त्याचा पासवर्ड बदलला, आणि तुला स्टोअरमध्ये रिकाम्या बाटल्या मोजायला बसवलं. चहावाल्या पोरालाही सांगून ठेवलं की हिला विचारायचं नाही. छकुली, बाकी सगळं ऐकून राग आला, पण ते चहाचं मात्र जिव्हारी लागलं.

अंबरनाथला टाइम ऑफिसात मी हजेरीची कार्डं सांभाळण्यात आयुष्य घालवलं. राजीनाम्याचा कागद आत गेला की कालपर्यंत 'घरचा माणूस' म्हणणारे कसे फिरतात ते रोज समोर दिसायचं. माणूस कंटाळतो आणि नोटीस अर्धवट टाकून निघून जातो. मग त्याच्या फाइलवर 'न सांगता गैरहजर' असा शेरा पडतो, नोटिशीचा पगार कापतात, अनुभवाचं पत्र अडकवतात. छळणाऱ्याच्या नावावर काहीच राहत नाही, सगळा ठपका जाणाऱ्यावर. म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत वेळेवर जा आणि पंच कर. बाटल्या मोजायला सांगितल्या तर मोज.

साहेब म्हणाले ना, "कोर्टात खेचतो, दुसरीकडे कशी लागतेस बघतो"? आपल्याच पट्ट्यातली एक केस सांगते. निरंजन शंकर गोलीकरी नावाचे गृहस्थ सेंच्युरीच्या कल्याणच्या टायरकॉर्ड कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होते. मार्च १९६३ पासून पाच वर्षांचा करार त्यांनी सही करून दिला होता. तंत्रज्ञान परदेशी कंपन्यांचं, गुप्ततेच्या अटीवर घेतलेलं, आणि त्याचंच प्रशिक्षण त्यांना मिळालेलं. १९६४ साली ते मधेच सोडून कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये लागले, महिना ५६० रुपयांवर. कंपनीने कल्याणच्या कोर्टात दावा लावला, तो थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १७ जानेवारी १९६७ रोजी निकाल गोलीकरींच्या विरुद्ध लागला. करार संपेपर्यंत, म्हणजे मार्च १९६८ पर्यंत, तसलं काम दुसरीकडे करायचं नाही.

मला त्या माणसाबद्दल फार वाईट वाटतं. चार पैसे जास्त मिळतात म्हणून गेला, त्यात पाप कसलं? पण सही ती सही. तुला सांगायचं ते हे, की त्यांना अडवलं ते त्या पाच वर्षांच्या कराराने. कोणा साहेबाच्या रागाने नव्हे. बंदी घातली तीही कराराच्या उरलेल्या काळापुरती आणि त्याच जातीच्या कामापुरती. परत सेंच्युरीतच कामाला जा, असं कोर्टानेही सांगितलं नाही. तुझं नेमणूकपत्र मी रविवारी दोनदा वाचलं. त्यात बाँड नाही, मुदतीचा करार नाही, फक्त एक महिन्याची नोटीस आहे आणि ती तू देते आहेस. नोकरी सुटल्यावर दुसरीकडे काम करू नये अशी अट कोणी घातली, तरी १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे ती टिकत नाही.

आता रात्रपाळीचं. पुढच्या आठवड्यापासून तुला नाइटला टाकणार म्हणालीस. संध्याकाळी सातनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, नव्या कामगार संहितेत तसं स्पष्ट लिहिलंय. 'माझी संमती नाही' एवढं एक वाक्य मेलवर टाक. कारण देत बसू नकोस आणि तोंडी तर काहीच बोलू नकोस.

पैशांचं म्हणशील तर वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. राजीनामा दिलेल्याचाही राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो. पूर्वी ही मुदत काढून टाकलेल्यांसाठी होती. "फुल अँड फायनल तीन महिन्यांनी" हे त्यांचं पालुपद आता चालायचं नाही. पाच वर्षं भरली आहेत म्हणजे ग्रॅच्युइटीही तुझ्या हक्काची. शेवटचं वेतन धरून, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. ती तीस दिवसांत मिळायला हवी. पीएफ तर तुझाच पैसा. सोडल्याची तारीख त्यांनी भरली नाही तर दोन महिन्यांनी तुला स्वतःला ऑनलाइन भरता येते.

आणि चार्ज कोणाला देऊ, हे आजच लिहून विचार. उत्तर नाही आलं तरी सॅम्पल रजिस्टर, कॅलिब्रेशनच्या फाइली, कपाटाच्या किल्ल्या यांची यादी करून दे आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घे. सही देत नसतील तर तीच यादी मेल कर, तुझ्या घरच्या आयडीला कॉपी ठेवून. पगाराच्या स्लिपा, नेमणूकपत्र, राजीनाम्याची पोच हे सगळं आधीच काढून घे, कंपनीचा मेल कधी बंद करतील नेम नाही. एवढं करूनही पैसे अडवले तर कामगार आयुक्तांकडे अर्ज करू, मी येते बरोबर.

चहाचा थर्मास घरून नेत जा. दादाशी मी बोलते.

तुझी,
आत्या