बोथट पात्याचा हिशोब

आमच्या घरात एक ब्लेड बाद करायचं म्हणजे दोन दिवस चर्चा चालते. आई सत्त्याहत्तर वर्षांची आहे. धार गेली की धार लावायची, वस्तू टाकायची नाही, हा तिचा जन्माचा शिरस्ता. तिच्या मेरठच्या कात्रीने आमचे परकर-पोलके बेतले, नातवंडांची झबली बेतली. मग बोटांना संधिवात झाला आणि कात्रीच्या कड्यांत अंगठा जाईना. नात्यात कुठे बाळंतविडा जायचा असला की दुपटी आईची, हे ठरलेलं. ते थांबलं तशी ती गप्प गप्प राहू लागली.

तेव्हा मी रोटरी कटर आणला. दांड्याला बसवलेलं गोल, फिरणारं पातं. ते मुठीत धरून पट्टीच्या कडेने ढकलायचं, बोटं उघडमीट करावी लागत नाहीत. जपानच्या ओल्फा कंपनीने हे हत्यार १९७९ साली काढलं. त्याआधी तिचे संस्थापक योशिओ ओकादा यांनी १९५६ मध्ये टोक मोडून नवी धार काढायचा चाकू बनवला होता. जपानीत ‘ओरू’ म्हणजे मोडणं आणि ‘हा’ म्हणजे पातं, त्यावरून कंपनीचं नाव पडलं. म्हणजे बोथट झालेलं टाकून द्यायचं, हे त्या नावातच आहे. आईच्या शिरस्त्याच्या अगदी उलट.

पहिली दुपटी झकास झाली. जुन्या सुती साडीचे चार थर एका दमात कापले जायचे. काही महिन्यांनी मधेच धागे राहू लागले. आई म्हणाली, “जरा दाबलं की चालतंय.” माझी भीती नेमकी त्या दाबण्याची होती. जोर लावला की पट्टी सरकते, पातं बोटाकडे येतं. शिवाय तिचं मनगट रात्रभर ठणकतं.

धागे कसे राहतात ते नीट पाहिलं तर पात्याचं दुखणं कळतं. आमचं पातं ४५ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे परीघ साधारण १४ सेंटिमीटर. दर १४ सेंटिमीटरवर एकेक जागा सुटत असेल तर धारेला एकाच ठिकाणी खाच पडली आहे. आमच्याकडे कारण बहुतेक वेळा टाचणी. आता टाचण्यांऐवजी जुन्या तराजूची वजनं कापडावर ठेवतो. पण सगळीकडेच धागे राहत असतील तर पातं बोथट झालं, किंवा नुसतं तुंबलं.

म्हणून बदलण्याआधी ते उघडून बघायचं. नट, वायसर, पातं, स्क्रू ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने फडक्यावर मांडायचे. वायसरखाली कापसाचा भुगा आणि दोऱ्याचे गुंते दडून बसतात. ते कोरड्या ब्रशने काढायचे, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुसट फिरवायचा आणि नट पातं मोकळं फिरेल इतपतच आवळायचा. निम्म्या वेळा एवढ्यावरच भागतं. पावसाळ्यात पनवेलची हवा इतकी दमट असते की हे तेल हवंच, नाहीतर आठवड्यात तांबूस ठिपके दिसतात.

आईने तरी एकदा सायकलवरच्या धारवाल्याला थांबवलंच. त्याने पातं उजेडात धरून पाहिलं आणि परत दिलं. “आजी, चाकावर धरलं तर ह्याचा गोल जाईल. लय पातळ आहे.” पातं ०.३ मिलिमीटर जाडीचं. गोल गेला तर कापड कुठे कापेल, कुठे सोडेल. धारवाल्याचं तिने ऐकलं. माझं दोन महिने ऐकलं नव्हतं.

मग आमचा करार झाला. साफ करूनही एका रेघेवरून दोनदा फिरवावं लागलं, तर पातं बदलायचं. उतरलेलं पातं लगेच टाकायचं नाही. मार्करची खूण करून ते कागदी बेतासाठी ठेवायचं. कागदाने धार लवकर जाते, त्यामुळे कापडाचं पातं कागदाला लावायचं नाही. टाकण्याआधी वस्तूला दुसरं काम मिळालं, एवढ्यावर आई राजी झाली.

कागदही कापेना झालं की उरतो शेवटचा प्रश्न. आमच्या सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या अंगठ्याला एकदा चिंधी बांधलेली होती. कुणीतरी फुटकी काच तशीच पिशवीत टाकली होती. पात्याला तर पिशवी फाडायला काहीच लागत नाही. तेव्हापासून चहापत्तीचा एक पत्र्याचा डबा शिवणाच्या टेबलाखाली असतो. झाकणाला फट पाडली आहे, पातं त्यातून आत जातं. डबा भरला की फटीवर आणि झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळून तो ताईंच्या हातात वेगळा द्यायचा, आत काय आहे ते सांगून.

डब्यावरची अक्षरं आईची आहेत, संधिवाताच्या बोटांनी काढलेली, थोडी वाकडी: ‘आत पाती आहेत. जपून.’

सध्या सात पाती जमली आहेत. ती ती मोजते. वाया गेली म्हणून नव्हे. तिच्या हिशोबात एका पात्यामागे सहा दुपटी निघतात.