निळी चिठ्ठी आणि उगवण

सोयाबीनचे प्रमाणित बियाणे आणताना पिशवीला निळी चिठ्ठी आहे का, हे आपण आधी पाहतो. चिठ्ठी हवीच, ती नसेल तर दाद कुठे मागणार? पण जाणता शेतकरी नुसत्या चिठ्ठीवर पेरत नाही. ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून ठेवतो, त्यातले 70 तरी उगवले, तरच पेरणीला लागतो. आपली मुले मोबाइलवर अभ्यासक्रम करून जी प्रमाणपत्रे गोळा करतात, त्यांचेही तसेच आहे.

आमच्या कोरेगावातलीच गोष्ट सांगते. माझी भाची बीएस्सी झाली आणि संगणकाचीच नोकरी करायची, असे तिच्या मनाने घेतले. दोन वर्षांत 11 प्रमाणपत्रे जमली. ती फाइल घेऊन पोर हिंजवडीला मुलाखतीला गेली. साहेबांनी पाने चाळली, बाजूला ठेवली आणि विचारले, ‘‘हे शिकून तुम्ही बनवलंत काय?’’ तिला उत्तर देता येईना. असे तीन ठिकाणी झाले.

मग एका क्लासवाल्याने नोकरीची हमी देऊन 60 हजार रुपये मागितले. वहिनी म्हैस विकायला निघाल्या. म्हणाल्या, ‘‘वन्सं, पोरीपुढं म्हशीचं काय एवढं?’’ मी म्हटले, ‘‘नोकरी नाही लागली तर पैसे कधी परत देणार, तेवढं त्यांच्याकडून लिहून आणा.’’ तसा कागद काही मिळाला नाही. म्हैस दावणीलाच राहिली.

त्याच म्हशीचे दूध रोज संकलन केंद्रावर जाते. दहा दिवसांचे बिल आणि घरातल्या चिठ्ठ्या यांचा मेळ कधी बसत नसे. भाचीने त्यावरच प्रोग्राम लिहायला घेतला. लिटर, फॅट आणि एसएनएफचे आकडे भरले की दरपत्रकाप्रमाणे हिशेब तयार! पहिला महिनाभर तो चुकतच होता. सकाळचे आणि संध्याकाळचे दूध एकत्र धरले जाई. तिने तो नेटाने दुरुस्त केला आणि कुणालाही पाहता येईल असा गिटहबवर ठेवला. पुढच्या मुलाखतीत अर्धा तास त्यावरच प्रश्न झाले. पुण्यातल्या एका लहान कंपनीत तिला काम लागले. पगार बेताचाच आहे, पण खोलीभाडे भागून घरी थोडे येते.

मग प्रमाणपत्रे वाया गेली म्हणायची का? मुळीच नाही. प्रोग्राम लिहायला ती त्याच अभ्यासक्रमांतून शिकली. मात्र सगळे कागद एका तोलाचे नसतात. सरकारी कारकुनाच्या जागेसाठी एमएस-सीआयटीसारखे प्रमाणपत्र मागतात. तिथे तो कागदच लागतो. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर 2017 पासून अभ्यासक्रम फुकट शिकता येतात. त्यातल्या एनपीटीईएलच्या प्रमाणपत्रासाठी फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. 75 गुण त्या परीक्षेचे, 25 घरच्या स्वाध्यायांचे. असा कागद जरा वजनदार. नुसते व्हिडिओ पाहिले की मिळणारा कागद मात्र हजेरीपटासारखा. मूल वर्गात होते, एवढेच तो सांगतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी आपल्याच सातारा जिल्ह्यात ‘कमवा आणि शिका’ रुजवले. हाताला काम आणि पुढ्यात पुस्तक, ही रीत आपल्याला नवी नाही.

तेव्हा मायबहिणींनो, मुलाने नवे प्रमाणपत्र दाखवले तर कौतुक जरूर करा. पण जवळ बसवून विचारा, ‘‘बाळा, यातलं तुला काय करून दाखवता येतं?’’ फुकटात शिकता येते ते आधी शिकू द्या. घरचा, दुकानाचा, सोसायटीचा एखादा हिशेब त्याच्या हाती सोपवा. आणि हमीच्या नावाखाली कुणी मोठी रक्कम मागितली, तर लेखी घेतल्याशिवाय दावणीच्या जनावराला हात लावू नका.