वारस नोंद

मार्च 2020 च्या अखेरीस बुलडाण्यात कोरोनाचा पहिला मृत्यू झाला. गेलेला माणूस पंचेचाळिशीतला, पुरुष. मे महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने देशाचा आकडा दिला, तेव्हा मृतांत 64 टक्के पुरुष होते.

लोक म्हणत, तंबाखू, दारू, बाहेरची ये-जा. त्यात तथ्य होतंच. शिवाय आमच्याकडे गडी माणूस अंगात ताप असताना फवारणीचा पंप पाठीवर घेतो आणि दुखणं अंगावर काढतो. पण सगळा दोष सवयींवर ढकलून मोकळं होणं मला पटत नाही; काही कारणं देहातच शोधावी लागतात.

विषाणूच्या अंगावरचे काटे कापले गेले की त्याला पेशीत शिरता येतं. ते कापणारं टीएमपीआरएसएस-टू नावाचं विकर आपल्याच पेशी बनवतात, आणि प्रोस्टेट ग्रंथीत त्याचं जनुक पुरुषी संप्रेरकांच्या हुकमावर चालतं. मग संप्रेरक दाबलं तर आजार सौम्य होईल का? इटलीच्या व्हेनेतो प्रांतातल्या नोंदींनी 2020 मध्ये आशा दाखवली: प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी असे उपचार घेणाऱ्यांना लागण कमी होती. पुढे अमेरिकेत माजी सैनिकांवर रीतसर चाचणी झाली, तेव्हा उपयोग दिसला नाही. उलट अत्यवस्थ पुरुषांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन खालावलेलं आढळलं. शिवाय विषाणूची चाहूल घेणारं टीएलआर-सेव्हन हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं; बाईकडे त्याच्या दोन प्रती, पुरुषाकडे एकच. एकट्या संप्रेरकाच्या माथी सगळं मारता येणार नाही, पण ज्याला आपण दणकट म्हणत आलो त्या देहाची बाजू इथे लंगडी होती, एवढं नक्की.

त्या लंगडेपणाची किंमत मात्र मागे राहिलेल्या बायकांनी मोजली. हेरंब कुलकर्णींसारख्या कार्यकर्त्यांनी या एकल महिलांचा प्रश्न लावून धरला; ऑगस्ट 2021 मध्ये राज्य सरकारने त्यांच्यासाठी मिशन वात्सल्य आणलं. तरी तिशीतल्या बाईला आधी मृत्यूचा दाखला, मग वारसाचे कागद, मग सातबाऱ्यावर नाव, असं एकेक दार ठोठावावं लागलं. शेत नवऱ्याच्या नव्हे, सासऱ्याच्या नावावर असेल तर दिरांशी बोलणं आलंच. पन्नास हजारांच्या सानुग्रह मदतीसाठीही कोरोनाचा पुरावा हवा होता, आणि जो घरीच, तपासणीआधी गेला त्याचा पुरावा कुठून आणायचा?

पुरुषांना विषाणू का झोंबतो, हे शोधणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेकडे मी म्हणूनच आशेने बघतो. तिथे सापडलेलं उत्तर मेहकर-लोणारकडच्या एखाद्या सुनेला वेळेत मिळालं असतं, तर तलाठ्याच्या टेबलावरच्या त्या अर्जात वारस म्हणून तिला स्वतःचं नाव इतक्या लवकर लिहावं लागलं नसतं.