पडलो तरी नाक वर

जाणाऱ्याने हरून जायचं, हा व्यावसायिक कुस्तीच्या धंद्याचा जुना रिवाज. शेवटच्या लढतीत पाठ टेकायची, पंचाला तीन मोजू द्यायचे आणि आयुष्यभर कमावलेला दरारा समोरच्या तरण्या गड्याच्या पदरात टाकून दोरांबाहेर पडायचं. अमेरिकेत हेच, जपानातही हेच. कोण जिंकणार हे तिथे आधी ठरलेलं असतं, हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे आणि त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. माझं अडतं ते त्याच्या पुढे. स्वतःचा शेवट आधी ठरवून घेता येतो अशी माणसं जगात असतात किती? ब्रॅडमनला १९४८ साली ओव्हलवर शेवटच्या डावात सरासरीचा टप्पा गाठायला चार धावा हव्या होत्या, आणि दुसऱ्याच चेंडूवर तो शून्यावर त्रिफळाचीत झाला. ठरवणारा कुणी असता तर त्याने असं ठरवलं नसतं. या पैलवानांना मात्र तारीख, मैदान, प्रतिस्पर्धी, सगळं निवडता येतं. तरीही त्यांचे शेवट टिकत का नाहीत?

३० मार्च २००८, ऑर्लँडोचं सिट्रस बोल मैदान. रिक फ्लेअर ५९ वर्षांचा. सोनेरी केस घामाने कपाळाला चिकटलेले, छातीवरची कातडी सैल पडलेली. समोर शॉन मायकेल्स. पटकथेनुसार फ्लेअर जी कुस्ती हरेल ती त्याची शेवटची. तो कसाबसा उभा राहतो, डोळ्यांतून धारा लागलेल्या, आणि तरी मुठी वळून ‘ये’ म्हणून खुणावतो. मायकेल्स कोपऱ्यात. पाय उचलायचा आहे आणि उचलवत नाही. त्याचे ओठ हलतात : माफ कर, माझं तुझ्यावर प्रेम आहे. मग लाथ हनुवटीवर बसते. फ्लेअर उताणा. एक, दोन, तीन. मायकेल्स त्याच्यावर वाकतो, त्याला जवळ घेतो आणि ती सगळी रिंग त्याच्या एकट्यासाठी मोकळी ठेवून भराभरा निघून जातो. निकाल ठरलेला होता. रडणंही कुणी ठरवून दिलं असेल, असं मला वाटत नाही.

ते पाहताना दरवेळी एक म्हण मनात येते, आणि ती येऊ नये असं वाटतं. पडलो तरी नाक वर. हार कबूल न करता उलट तोरा दाखवणाऱ्याला आपण ही म्हण फेकून मारतो. निवडणुकीत आपटलेल्या पुढाऱ्याला, दुकान बुडालं तरी गावाला सल्ले देणाऱ्याला. फ्लेअरच्या चेहऱ्यावर त्या रात्री तोऱ्याचा लवलेश नव्हता. मग ही म्हण का यावी?

आखाड्याच्या कडेला बसून या म्हणीकडे पाहिलं की ती वेगळीच दिसते. पडल्यावर नाक वर राहतं कुणाचं? जो उताणा पडतो त्याचं. पालथा पडतो त्याचं नाक मातीत असतं. आणि लाल मातीच्या कुस्तीत पालथा पडलेला गडी हरलेला नसतो. छाती मातीला लावून, कोपरं अंगाशी आवळून, मान आखडून तो पडून राहतो. वरचा घिस्सा मारून त्याला उलटवायला बघतो. खालच्याच्या तोंडात माती, नाकपुड्यांत माती, श्वास कोंडलेला, पण कुस्ती चालू असते. हलगी वाजत असते. त्याचं नाक वर झालं, त्याला आभाळ दिसलं, की संपलं. आस्मान दाखवलं म्हणतात ते हेच. म्हणजे म्हणीतल्या माणसाचं नाक वर आहे ते तो हरला म्हणूनच. जी त्याच्या पराभवाची खूण तीच तो मानाची म्हणून मिरवतो आहे. जरा निराळ्या अंगाने पाहिलं तर असंही म्हणता येईल की, ज्याला पराभव उघड्या डोळ्यांनी आभाळाकडे बघत घ्यायचा आहे त्याला उताणंच पडावं लागतं. मातीत तोंड खुपसून पडलेल्याला अजून आशा असते. फ्लेअरने ती सोडली होती. निदान त्या रात्री मला तसं वाटलं.

आपल्याकडे निरोपाची कुस्ती हा प्रकारच नाही. दारासिंगांची गोष्ट वेगळी. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमचे फ्रीस्टाइलचे फड त्यांनी गाजवले आणि १९८३ साली दिल्लीत स्पर्धा भरवून निवृत्ती जाहीर केली. पण ते फ्रीस्टाइलवाले. जत्रेतल्या मैदानात असं काही होत नाही. माझे मामा ऐन उमेदीत गावोगावच्या जत्रांत लंगोट लावायचे. त्यांना एकदा विचारलं, ‘मामा, तुमची शेवटची कुस्ती कुठली?’ ते बराच वेळ आठवत राहिले. पायाशी पडलेली काडी उचलून तिचे तुकडे करत राहिले. मग म्हणाले, ‘कुठली म्हून सांगू? ती शेवटची हाय हे तवा कुठं ठावं हुतं?’

त्यांना पहिली कुस्ती लख्ख आठवत होती. रेवड्यांवरची कुस्ती, समोरच्या पोराच्या शर्टाचा रंग, वस्तादांनी पाठीवर मारलेली थाप. शेवटची नाही. एका वर्षी गुडघा धरला, एका वर्षी पाऊस झाला नाही आणि दूध-बदामाचा खुराक परवडेना, मग जोड मिळेना, मग मैदानाच्या पत्रकात नाव छापून आलं नाही. हे सांगताना त्यांच्या आवाजात खंत नव्हती. मला मात्र ती झाली. फ्लेअरला मिळाली तशी एखादी संध्याकाळ मामांना मिळायला हवी होती, असं तेव्हा वाटलं. आज तसं ठामपणे म्हणवत नाही.

कारण फ्लेअर उठला. पुढच्याच वर्षी हल्क होगनबरोबर ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात तो पुन्हा रिंगमध्ये होता, मग दुसऱ्या कंपनीत. ३१ जुलै २०२२ ला नॅशव्हिलमध्ये, ७३ व्या वर्षी, छातीत पेसमेकर घेऊन, जावयाला जोडीला घेऊन तो पुन्हा ‘शेवटची’ खेळला. कपाळ रक्ताने माखलेलं, उभं राहायचं तर आधार लागत होता. ती तो जिंकला. ज्या मायकेल्सने त्याला २००८ साली निरोप दिला, त्याने स्वतः २८ मार्च २०१० ला अंडरटेकरसमोर पाठ टेकली आणि आठ वर्षं शब्द पाळला. नोव्हेंबर २०१८ मध्ये रियाधला तोही परतला. अंडरटेकरने २०१७ साली ऑर्लँडोलाच हातमोजे, लांब कोट आणि टोपी रिंगच्या मधोमध ठेवली. वर्षभरात त्याने ती उचलली. टेरी फंकने जपानमध्ये १९८३ साली, चाळिशीही गाठली नव्हती तेव्हा, रडवणारा निरोप घेतला आणि पुढे तीसहून जास्त वर्षं खेळला.

यांच्यावर चिडावं असं मला खूप वाटलं आहे. आमचे अश्रू घेतलेत ना, मग आता घरी बसा. पण हे म्हणणारा मी कोण? एखाद्या सभागृहात वीस हजार माणसं आपलं नाव घेऊन ओरडतात हे विशीपासून ऐकलेल्या माणसाला साठीत स्वयंपाकघरातला फ्रीजचा आवाज ऐकत बसावं लागतं, तेव्हा काय होतं ते मला ठाऊक नाही. पैसा असेल, जुन्या मित्रांचा आग्रह असेल. पण यातले बरेच जण पैशाशिवायही परतले असते, असं त्यांच्या चेहऱ्यांवरून वाटतं. म्हणीचं नाक इथे पुन्हा वर येतं, आणि या वेळी ते नेहमीच्या अर्थाने येतं.

तरी ज्यांना काहीच ठरवता आलं नाही त्यांच्याकडे पाहिलं की तो रागही उरत नाही. मित्सुहारु मिसावा १३ जून २००९ ला हिरोशिमात लढत होता. पाठीवर आदळण्याचा एक डाव, त्याने आयुष्यात असंख्य वेळा झेललेला. त्या रात्री तो उठला नाही. ४६ वर्षांचा होता. तोही उताणाच पडला होता, आणि त्या पडण्याला कसला अर्थ चिकटवायला माझं मन धजत नाही.

जपानचं नाव निघालं की मला केजी मुटोबद्दल बोलावंसंच वाटतं, आणि बोलायला लागलं की थांबवत नाही. २१ फेब्रुवारी २०२३, टोकियो डोम. मुटो ६० वर्षांचा. दोन्ही गुडघे कृत्रिम. कोपऱ्यातल्या खांबावर चढून, पाठमोरी उलटी कोलांटी घेऊन खाली पडलेल्या गड्यावर झेपावणं ही त्याची ओळख. त्याच झेपांनी त्याचे गुडघे खाल्ले, आणि नवे गुडघे बसवल्यावर डॉक्टरांनी ती झेप त्याला बंद केली. त्या रात्री तो खांबाकडे गेला. चढला. पाठमोरा उभा राहिला. सगळा डोम श्वास रोखून उभा. आणि तो खाली उतरला. थोड्या वेळाने पुन्हा गेला आणि पुन्हा उतरला. मी आजवर पाहिलेल्या कुठल्याही झेपेपेक्षा ते न झेपावणं माझ्या जास्त लक्षात राहिलं आहे. मग समोरच्या नाइतोने, ज्याने लहानपणी मुटोला पाहूनच ही वाट धरली, त्याची पाठ टेकवली. रिवाज पार पडला.

इथे थांबायचं. पण मुटो थांबला नाही. त्याने माइक घेतला आणि रिंगबाहेर समालोचनाच्या टेबलाशी बसलेल्या मासाहिरो चोनोला हाक मारली. चोनो स्वतः कित्येक वर्षांत लढला नव्हता. ५ ऑक्टोबर १९८४ ला मुटोची पहिली लढत झाली होती ती चोनोशी, आणि चोनोचीही पहिली तीच. दोन पोरगेले पैलवान एकाच रात्री एकमेकांसमोर उभे राहून या धंद्यात आले होते. चोनो रिंगमध्ये आला. घंटा झाली. दोघांनी एकमेकांना धरलं, दोघांचेही पाय जड. दोनेक मिनिटांत चोनोने आपला जुना पेच घातला, पाय अडकवून मान मागे ओढली, आणि मुटोने हात आपटून हार मानली. एका रात्रीत दोनदा हरला. आणि हसला.

ही दुसरी हार कुणासाठी होती? तरण्या गड्याचं देणं पहिल्या हारीत फिटलं होतं. चोनोला त्या विजयाचं पुढे काही करायचं नव्हतं. मला राहून राहून वाटतं की मुटोला मामांसारखंच झालं असावं. शेवटच्या कुस्तीचं काय करायचं ते कळेना, तेव्हा तो पहिलीकडे गेला. शेवटची त्याने नाइतोला दिली आणि पहिली स्वतःला ठेवली. पण हे मी माझ्या समाधानासाठी जुळवतो आहे, हेही कळतं. दोन म्हातारे मित्र एकदा भेटले आणि हसले, एवढंच ते असू शकतं, आणि तेवढं असणंही थोडं नाही.

स्टिंगची गोष्ट तर माझं सगळंच गणित मोडते. २०१५ साली मान दुखावली, २०१६ साली त्याने निवृत्ती जाहीर केली. तो लादलेला शेवट होता. मग तोही परतला. माझ्या रागाच्या यादीत त्याचं नाव यायला हवं. पण तो परतला म्हणूनच ३ मार्च २०२४ ची ग्रीन्सबरोची रात्र घडली. १९८८ साली त्याच शहरात फ्लेअरशी ४५ मिनिटं बरोबरीची कुस्ती करून तो मोठा झाला होता. आता ६४ वर्षांचा, त्याची दोन्ही मुलं बापाच्या जुन्या वेशात, फ्लेअर रिंगच्या कडेला, जोडीला तरणा डार्बी अ‍ॅलिन. आणि स्टिंग जिंकला. रिवाज मोडला आणि जिंकून गेला. एकाही माणसाने तक्रार केल्याचं मला दिसलं नाही. मलाही करावीशी वाटली नाही.

याउलट जॉन सीना. ‘हार मानू नका’ हे ब्रीद वीसेक वर्षं छातीवर छापून फिरलेला माणूस. १३ डिसेंबर २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये गुंथरने मानेला विळखा घातला आणि सीनाने हात आपटून हार मानली. रिवाज अक्षरशः पाळला, कुणी पाळला नसेल इतका. आणि सभागृहाने हुर्यो उडवली. ती हुर्यो मला समजते. ती सीनावर नव्हती, ज्यांनी हे ठरवलं त्यांच्यावर होती. रिवाज मोडणाऱ्याला टाळ्या आणि पाळणाऱ्यासाठी संताप, असं असेल तर चांगला शेवट म्हणतात तो कोणता? हरण्यात तो नाही, जिंकण्यातही नाही. शब्द पाळण्यात असावा म्हणावं तर स्टिंग आडवा येतो. आणि मामांसारखं नकळत संपण्यात असावा म्हणावं तर मिसावा आठवतो.

सीना हरला त्या वॉशिंग्टनमधलीच एक जुनी कुस्ती आहे. १९ डिसेंबर १९९९. गोल्डबर्गने ब्रेट हार्टला लाथ मारली, ती दिसण्यापुरती लागायची होती, ती खरोखर डोक्याला लागली. मेंदूला इजा झाली. ब्रेट त्यानंतर काही आठवडे तसाच लढत राहिला आणि ऑक्टोबर २००० मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. लाथ बसली त्या रात्री त्याचा निरोप नव्हता, ती नेहमीसारखी एक लढत होती. सभागृहाचं नाव तेव्हा एमसीआय सेंटर होतं, आज कॅपिटल वन अरेना आहे. सीनाने हात आपटला तो तिथेच.